अटॅकनंतरचे रक्ताचे रिपोर्ट: ठाण्यातल्या नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. आयसीयूतल्या पेशंटचे रिपोर्ट घ्यायला येणारा मुलगा, जावई किंवा पुतण्या काउंटरवरून हलत नाही. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो मोठा करून विचारतो, "हा लाल अक्षरातला आकडा किती वाईट आहे?" तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधोपचार कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. आकडा काय बोलतो आणि काय बोलत नाही, तेवढंच मी सांगणार आहे.

अटॅक आल्यावर रक्तात नेमकं काय बघतात?

पहिली गोष्ट म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का. त्यासाठी ट्रोपोनिन, आणि काही ठिकाणी अजूनही सीके-एमबी. दुसरी, हृदयावर ताण किती आहे. त्यासाठी बीएनपी किंवा एनटी-प्रो-बीएनपी. तिसरी, शरीरात दाह किती आहे. त्यासाठी सीआरपी. याशिवाय क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, पोटॅशियम या रोजच्या तपासण्या होतात. नातेवाईक पहिल्या तीन नावांना घाबरतात आणि रोजच्या तपासण्यांचं पान उलटून टाकतात. माझ्या मते ते पान उलटू नये. का, ते पुढे येईलच.

ट्रोपोनिन पॉझिटिव्ह म्हणजे अटॅक नक्की ना?

नाही. ट्रोपोनिन हे स्नायूच्या आकुंचनाशी संबंधित प्रथिन आहे. हृदयाची पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. ती कशामुळे दुखावली, हे त्याला माहीत नसतं. धमनीत गुठळी अडकली तरी ट्रोपोनिन वाढतं. हृदयाच्या स्नायूला सूज आली, फुप्फुसात गुठळी गेली, जंतुसंसर्ग अंगभर पसरला, नाडी तासन्‌तास १६० च्या वर धावली, तरीही वाढतं. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या गंभीर पेशंटमध्येही वाढलेलं ट्रोपोनिन दिसू शकतं, आणि त्यांच्या धमन्या स्वच्छ असू शकतात.

म्हणून २०१८ साली मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत दोन अटी एकत्र आहेत. ट्रोपोनिन ठरावीक मर्यादेच्या वर जाऊन चढताना किंवा उतरताना दिसलं पाहिजे. आणि त्यासोबत छातीतलं दुखणं, ईसीजीतला बदल, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसणारी मंद हालचाल असा रक्तपुरवठा तुटल्याचा काहीतरी पुरावा हवा. ती मर्यादा निरोगी लोकांच्या ९९ व्या पर्सेंटाइलवरून ठरते, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव धडधाकट माणसांचा आकडा तिच्या खाली असतो. ट्रोपोनिनचे टी आणि आय असे दोन प्रकार तपासतात. हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं प्रमाणही पकडणाऱ्या, ट्रोपोनिन-टी टेस्टसाठी ही मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. ट्रोपोनिन-आयची मर्यादा कंपनीगणिक बदलते आणि बायकांसाठी पुरुषांपेक्षा कमी असते. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका किटमध्ये ती पुरुषांना ३४ आणि बायकांना १६ आहे. आईच्या रिपोर्टवर २२ आकडा असेल आणि शेजारी पुरुषांची मर्यादा छापलेली असेल, तर "नॉर्मल आहे" म्हणून घरी निघू नका.

छोट्या नर्सिंग होममध्ये ट्रोपोनिन ०.८ होतं, मोठ्या हॉस्पिटलात २४०० आलं. इतकं कसं वाढलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पांढरा पडलेला असतो. आधी युनिट बघा. पहिल्या रिपोर्टवर बहुतेक "नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर" लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर "नॅनोग्रॅम प्रति लिटर". पहिल्याला १००० ने गुणलं की ०.८ चे ८०० होतात. म्हणजे आकडा ८०० वरून २४०० वर गेला, तिपटीने वाढला. अटॅकच्या पहिल्या काही तासांत तो असा चढणं अपेक्षितच आहे. "पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर" दिसलं तर मात्र काही करायचं नाही, ते आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच.

दुसरी गोष्ट अशी की एका ठिकाणी ट्रोपोनिन-आय आणि दुसऱ्या ठिकाणी ट्रोपोनिन-टी झालं असेल, किंवा दोन्हीकडे आयच पण यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर आकड्यांची थेट तुलनाच होत नाही. चढ-उतार बघायचा तर सगळे नमुने एकाच यंत्रावर लागले पाहिजेत.

काही ठिकाणी कार्ड टेस्ट करतात. रक्ताचे थेंब टाकायचे, दोन रेघा उमटल्या तर पॉझिटिव्ह. मध्यरात्री, जिथे दुसरं काही नाही तिथे ती उपयोगी पडते. पण थोडं वाढलेलं ट्रोपोनिन तिच्यातून निसटतं. दुखायला लागून तास-दीड तासच झाला असेल तर एका रेघेवर विश्वास ठेवू नये.

दर दोन-तीन तासांनी रक्त का काढतात? बिल वाढवायला?

नाही, यात पैशाचा हिशेब शोधू नका. दुखणं सुरू झाल्यावर साधारण पहिल्या एक ते तीन तासांत हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन वाढलेलं दिसू लागतं. त्याच्या आधी काढलेलं रक्त खोटा दिलासा देऊ शकतं. म्हणून आल्याबरोबर एक आणि मग एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरा नमुना घेतात. दोन आकड्यांतला फरक हाच खरा निकाल. ट्रोपोनिन साधारण १२ ते २४ तासांत शिखर गाठतं आणि आठवडाभर, कधी दोन आठवडेही वाढलेलं राहतं. चार दिवसांनी पुन्हा दुखलं तर नवा अटॅक आहे की जुन्याचीच शेपटी, हे एका आकड्यावरून कळत नाही. तिथेही पुन्हा दोन नमुने लागतात. सीके-एमबी दोन-तीन दिवसांत खाली येतं, म्हणून पूर्वी अशा वेळी त्याचा आधार घेत.

ईसीजीत मोठा अटॅक दिसतोय. ट्रोपोनिन येईपर्यंत थांबायचं का?

अजिबात नाही. ईसीजीच्या रेघेतला एसटी नावाचा भाग उचललेला स्पष्ट दिसत असेल तर पेशंट थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत जातो, किंवा कॅथलॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेतो. रक्त पाठवतात, पण त्याच्या निकालासाठी कुणी थांबत नाही. डॉक्टर सह्या मागत असताना "आधी रिपोर्ट येऊ दे" म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो.

आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा?

ढोबळमानाने हो. शिखराचा आकडा आणि मेलेल्या स्नायूचं प्रमाण यांचं नातं आहे, आणि ट्रोपोनिन जास्त असलेल्या पेशंटमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे १९९६ पासून मोठ्या अभ्यासांत दिसत आलं आहे. पण त्यात एक मेख आहे. अँजिओप्लास्टी होऊन धमनी उघडली की अडकलेलं ट्रोपोनिन एकदम धुऊन रक्तात येतं. आकडा भराभर चढतो, लवकर शिखर गाठतो आणि लवकर उतरतो. स्टेंट टाकल्यावर संध्याकाळी ट्रोपोनिन चौपट दिसलं म्हणून ऑपरेशन बिघडलं असं होत नाही. पेशंटचं दुखणं थांबलं का, ईसीजीतला उचललेला भाग खाली बसला का, हे विचारा.

अंतिम हिशेबात पंपिंग, म्हणजे इकोवरचा इजेक्शन फ्रॅक्शन, ट्रोपोनिनपेक्षा जास्त बोलतो. तोही पहिल्या दिवशीचा अंतिम नव्हे. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि काही आठवड्यांत कामाला लागतो. म्हणूनच दीड ते तीन महिन्यांनी इको पुन्हा करतात.

एनटी-प्रो-बीएनपी कशाला केलं? बाबांना तर दम लागत नाही.

लागत नाही, तरीही. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ती बीएनपी सोडते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हा पदार्थ पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावातला 'बी' ब्रेनचा, म्हणजे मेंदूचा आहे. माणसात मात्र तो मुख्यतः हृदयातून येतो. अटॅकनंतर हा आकडा वाढलेला असेल तर हार्ट फेल्युअरचा आणि मृत्यूचा धोका जास्त असतो, आणि ही माहिती ट्रोपोनिनपेक्षा वेगळी असते. ट्रोपोनिन किती मोडलं ते सांगतं, बीएनपी उरलेल्याला किती जड जातंय ते.

वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. वय वाढतं तसा हा आकडा वाढतो. दम लागलेल्या पेशंटमध्ये एनटी-प्रो-बीएनपीवरून हार्ट फेल्युअर ठरवताना पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९०० आणि पंचाहत्तरीच्या पुढे १८०० पिकोग्रॅम असे वेगवेगळे टप्पे धरतात. किडनी मंद असेल तर आकडा वर जातो. आणि वजन खूप जास्त असेल तर उलटा, फसवा कमी येतो. बाबांना सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ही गोळी सुरू असेल तर साधं बीएनपी गोळीमुळेच वाढू शकतं. तेव्हा एनटी-प्रो-बीएनपीच बघावं.

सीआरपी १८ आलंय. इन्फेक्शन झालं का?

अटॅकनंतर दोन-तीन दिवसांत सीआरपी वाढतंच, कारण मेलेल्या स्नायूची साफसफाई सुरू असते. ताप, खोकला, लघवीची जळजळ, सलाइनच्या जागी लाली यांपैकी काही नसेल तर त्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

दाहाचा आणि पुढच्या अटॅकचा संबंध मात्र खरा आहे. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या महागड्या इंजेक्शनने कोलेस्टेरॉलला हात न लावता, नुसता दाह कमी करून पुढचे अटॅक कमी केले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. २०१९ मध्ये अटॅकनंतर कोल्चिसिन ही गाउटची जुनी, स्वस्त गोळी दिल्यावर फायदा दिसला आणि सगळे खूश झाले. २०२४ मध्ये त्याहून मोठ्या अभ्यासात तो फायदा दिसला नाही. त्यामुळे सीआरपी बघून स्वतःच्या मनाने कोल्चिसिन घेऊ नका.

साध्या तपासण्यांचं पान महत्त्वाचं का म्हणता?

कारण पेशंटचं पुढे काय होईल हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

क्रिएटिनिन घ्या. किडनी आधीच कमजोर असेल तर अँजिओग्राफीच्या डायने आणखी बिघडू शकते, औषधांचे डोस बदलतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अटॅकनंतरच्या जोखमीचं गणित क्रिएटिनिनशिवाय पुरं होत नाही.

मग साखर. ज्याला डायबेटिस नाही त्याचीही भरती होताना २२० येते, कारण अटॅकचा धक्का बसला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं. अशी चढलेली साखर चांगलं लक्षण नाही. डायबेटिस नसलेल्याच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. एचबीए१सी केलं की मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. ती ५.५ आली तर साखर ताणाची, ८ आली तर डायबेटिस घरात केव्हाचाच राहायला आलेला. आमच्याकडे कितीतरी जणांना आपल्याला डायबेटिस आहे हे अटॅकच्या बेडवर कळतं.

हिमोग्लोबिन ८ असेल तर आधीच अडखळणाऱ्या हृदयाला ऑक्सिजनही कमी मिळतो. शिवाय आता पेशंट रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेणार. म्हणून हिमोग्लोबिन कशामुळे उतरलं, मूळव्याध, अल्सर की दुसरं काही, ते शोधावं लागतं. आयसीयूत बीपी पडत असेल तर लॅक्टेटही करतात. ते चढत राहिलं तर अवयवांना रक्त पोचत नाही असा अर्थ, आणि ती गंभीर खूण आहे.

या सगळ्या टेस्ट महापालिकेच्या दवाखान्यातही होतात. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात काकांना ठेवलंय आणि तिथे "भारीतल्या टेस्ट" होत नाहीत म्हणून जीव खाऊ नका. ईसीजी, ट्रोपोनिन, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन आणि इको एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात.

सगळे मार्कर एकत्र करून एकच गुण काढता येतो का?

येतो. ग्रेस स्कोअर सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन, फुप्फुसात पाणी साचल्याची लक्षणं, भरती होताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला एसटीचा बदल आणि ट्रोपोनिन वाढलं की नाही, एवढं लागतं. लक्ष द्या, ट्रोपोनिनचा आकडा नाही, फक्त वाढलं की नाही.

समजा, दोघांचं ट्रोपोनिन ९०० आहे. एक ४८ वर्षांचा, बीपी १३०, नाडी ७८, किडनी उत्तम. दुसऱ्या आजी ७४ वर्षांच्या, बीपी ९२, नाडी ११८, क्रिएटिनिन २.१, फुप्फुसात घरघर. लाल अक्षरातला आकडा सारखाच, पण आजींची जोखीम कितीतरी जास्त. एसटी न उचललेल्या अटॅकमध्ये ग्रेस १४० च्या वर गेला की अँजिओग्राफी लवकर, शक्यतो २४ तासांत करण्याकडे कल असतो. म्हणजे हा गुण नातेवाइकांना घाबरवायला नसतो, आधी कुणाला घ्यायचं हे ठरवायला असतो.

२००२ मध्ये ट्रोपोनिन, सीआरपी आणि बीएनपी हे तिन्ही एकत्र बघणारा एक अभ्यास आला. वाढलेल्या प्रत्येक मार्करगणिक महिन्याभरातल्या मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होत गेला. तिघे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून त्यांची बेरीज होते. एकाच गोष्टीच्या तीन टेस्ट केल्या तर खिसा तेवढा हलका होतो.

इंटरनेटवर जीडीएफ-१५, एसटी२, गॅलेक्टिन-३, कोपेप्टिन वाचलं. हे करून घेऊ का?

नको. संशोधनात यांचा पुढच्या धोक्याशी संबंध दिसतो, जीडीएफ-१५ चा तर चांगलाच. पण आकडा आल्यावर बाबांच्या औषधांत काय बदलणार, याचं उत्तर आज बहुतेक वेळा "काही नाही" असंच आहे. कोणत्याही महागड्या टेस्टआधी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: रिपोर्ट असा आला तर काय कराल, आणि तसा आला तर काय?

होमोसिस्टिन या रक्तातल्या अमिनो आम्लाची गोष्ट तर बोलकी आहे. वाढलेलं होमोसिस्टिन आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला, बी व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी ते कमीही झालं. पण २००६ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या पेशंटवरच्या नॉर्वेतल्या अभ्यासात पुढचे अटॅक काही कमी झाले नाहीत. तरी "हार्ट पॅकेज"च्या जाहिरातीत होमोसिस्टिन अजून मिरवतंय. मी स्वतः लॅबवाला असून सांगतोय.

रिपोर्ट बघून सांगा, पेशंट वाचेल का?

रिपोर्टवरून मी सांगू शकत नाही. कुणीही सांगू नये. "अशा शंभर पेशंटपैकी इतके" हा समूहाचा हिशेब असतो, त्या शंभरांत तुमचे वडील कुठे बसतील हे रक्त सांगत नाही. आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारा: बीपी औषधाशिवाय टिकतंय का, ऑक्सिजन किती लागतोय, लघवी होतेय का, पंपिंग किती, धमनी उघडायला किती वेळ गेला. या पाच उत्तरांतून जास्त कळेल.

सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. त्यांचं ट्रोपोनिन कायमच वाढलेलं असतं.

बरोबर, किडनीच्या पेशंटमध्ये ते बारमाही वाढलेलं असतं, विशेषतः ट्रोपोनिन-टी. म्हणून त्यांचा नेहमीचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. छातीत दुखलं तर तिथून किती हललं ते बघतात. पण "त्यांचं नेहमीचंच आहे" असं समजू नका. कायम वाढलेलं असणं हीसुद्धा जोखमीचीच खूण आहे.

केसांसाठी बायोटिन घेते. रिपोर्ट चुकतो का?

चुकू शकतो. काही यंत्रांवर बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. केस, नखं, त्वचेच्या गोळ्यांना लोक औषध समजत नाहीत आणि "काही गोळ्या चालू आहेत का?" याला "नाही" म्हणतात. रक्त काढायला येणाऱ्याला सांगा.

ठाण्यातली वर्षा मॅरेथॉन धावल्यावर मुलाचं ट्रोपोनिन वाढलं होतं.

लांब पल्ल्याच्या धावेनंतर ते वाढतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली असेल तरच पुढची तपासणी. नुसतं कुतूहल म्हणून धावल्यावर ट्रोपोनिन करू नये.

छातीत दुखतंय. आधी लॅबमध्ये येऊन ट्रोपोनिन करू का?

नका येऊ. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो. उपवनला फिरून आलेले काका घामाने निथळत उभे असतात आणि म्हणतात, "गॅसेस असतील, एकदा ट्रोपोनिन करून टाकू." आमच्याकडे ईसीजी नाही, शॉक द्यायचं यंत्र नाही. ज्या हॉस्पिटलात ईसीजी आणि आयसीयू आहे तिथे जा, तिथे आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. १०८ ला फोन करा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. ती वेळ माहीत नसेल तर माझ्या आकड्यांचा अर्थ निम्माच लागतो.

डिस्चार्जनंतर कोणत्या टेस्ट, कधी?

ट्रोपोनिन पुन्हा करू नका, नवं दुखणं नसेल तर गरज नाही.

बीपीची रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू झाली असेल तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. कोलेस्टेरॉल चार ते सहा आठवड्यांनी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ मिलिग्रॅमच्या खाली आणि आधीच्या निम्म्याहून कमी हवं. भारतीय लिपिड असोसिएशनचा आग्रह तर ५० च्या खाली आणायचा आहे. रिपोर्टवर "१०० पर्यंत नॉर्मल" छापलेलं असतं, ते ज्याला अटॅक आलेला नाही त्याच्यासाठी. ७८ आलं म्हणून गोळी बंद करणारे आमच्याकडे पुन्हा दिसतात. भरती असतानाचं एलडीएल पहिल्या २४ तासांतलं धरावं, त्यानंतर ते तात्पुरतं खाली जातं.

पंपिंग कमी असेल तर एनटी-प्रो-बीएनपी डॉक्टर सांगतील तेव्हा. भरतीपेक्षा डिस्चार्जला ते ३० टक्क्यांहून जास्त उतरलेलं असेल तर हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी चांगलं लक्षण मानतात.

आणि एक टेस्ट आयुष्यात एकदाच: लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. हे बहुतांशी आनुवंशिक असतं. ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर मुलांचं आणि सख्ख्या भावंडांचंही करून घ्यावं. चाळिशीच्या आत अटॅक आलेल्या माणसाच्या फाइलमध्ये ही टेस्ट नसेल तर मी स्वतःहून आठवण करतो.

फाइलमध्ये काय ठेवू?

पहिला ईसीजी, वेळेसकट. सगळे ट्रोपोनिन, नमुना काढल्याच्या वेळेसह आणि युनिटसह. अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, स्टेंटचं कार्ड, दोन्ही इको, डिस्चार्ज समरी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर त्या कागदांच्या झेरॉक्सही. मोबाइलमधले फोटो चालतात, पण रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ फोटोत कापली जाणार नाही एवढं बघा.